चौतीस पाउंडांची पाती

माझ्या मुलीने मॅथ्स सोडल्याचं मला एका जंगलाच्या कार पार्कमध्ये कळलं, आणि तेही तिच्या तिरंदाजीच्या कोचकडून. सोडलं म्हणजे अगदी सोडलं नव्हतं, वरच्या लेव्हलचं टाकून खालच्या लेव्हलचं घेतलं होतं. पण ज्या घरात आई-बाप दोघंही पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेत, त्या घरात हा फरक कोण मानतो? कोचबाई गाडीच्या डिकीत धनुष्यं ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "गणित बदलल्यापासून पोर किती मोकळी झालीय, नाही?" मी म्हटलं, "हो ना, खूपच." आणि हसले. कशी हसले ते माझं मला माहीत.

घरी येऊन नवऱ्याला धरलं. शाळेच्या ॲपवर काहीतरी आलं होतं आणि त्याने मीटिंगमध्ये बसल्या बसल्या न वाचता ओके करून टाकलं होतं. त्याच्यावर मी यथेच्छ ओरडले. पण खरं सांगते, गणिताचं दुःख दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही. जे टिकलं ते वेगळंच होतं. माझ्या पोटच्या पोरीने ही गोष्ट आधी त्या बाईला सांगितली होती. मी तिच्या केसांना तेल लावत बसले होते तेव्हाही ती हे मनात घेऊन बसली होती, आणि रविवारी जाऊन तिथे सांगून मोकळी झाली होती.

आम्ही सँडीफोर्डला राहतो, लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. मुलगी सोळा वर्षांची. शाळेच्या एका सहलीत तिने पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलं आणि तेव्हापासून आमचे रविवार विकलोच्या डोंगरातल्या एका झाडीत गेले. या देशात धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून क्लबवाले रानात फोमची जनावरं उभी करतात. हरीण, रानडुक्कर, एक अस्वल, एक टर्की. पायवाटेने चालत जायचं आणि एकेकावर नेम धरायचा. आमच्या घरात अंड्यापलीकडे काही शिजत नाही, आणि आमची कन्या दर रविवारी डुक्कर मारून घरी येते. आता बोला.

कोचबाई साठीच्या. कापसासारखे पांढरे केस, कोपराला भोक पडलेलं जाकीट. बरीच वर्षं त्या कॅनडात होत्या आणि तिथे खरीखुरी हरणं धनुष्याने मारलेली. बोलणं अगदी मोजकं. मला हेच समजायचं नाही. ती बाई बोलत नाही आणि पोरगी तिला सगळं सांगते. मी एवढी बोलते, जीव तोडून विचारते, तर मला उत्तर मिळतं "ग्रँड". शाळा कशी होती? ग्रँड. पेपर कसा गेला? ग्रँड. ग्रँड म्हणजे इथे बरं, ठीक, आणि आता पुढे काही विचारू नकोस, असे तिन्ही अर्थ होतात.

बरं, मी तिला डब्यात बेसनाचे लाडू द्यायचे. डबा रिकामा यायचा. मला काय आनंद, पोर हल्ली खायला लागली म्हणून. एकदा लवकर घ्यायला गेले तर बाई एका ओंडक्यावर बसून लाडू खातायत, आणि कन्या शेजारी बसून हातवारे करत बोलतेय. किती बोलत होती. तोंडावर मी त्या बाईंना नेहमी नम्रच असायचे, पण मनातल्या मनात अगं-तुगंवर आले होते. माझ्याच तुपातले लाडू खाऊन माझीच लेक पळवतेस काय, असं म्हणत मी गाडीत बसून राहिले. हेवा वाटत होता. चांगला सणसणीत हेवा, नवऱ्याच्या एखाद्या मैत्रिणीचासुद्धा कधी एवढा वाटला नव्हता. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, म्हातारी आहे ती." जसं काही म्हाताऱ्यांना माणसं पळवता येत नाहीत.

मग स्लायगोचं निघालं. तिथल्या एका रानात सप्टेंबरात क्लबांची जोडीची स्पर्धा होती, एक लहान आणि एक मोठं. दोघांनी मिळून सगळी जनावरं मारत फिरायचं, गुण एकत्र. मुलीने जेवताना सांगितलं की ती कोचबाईंबरोबर जाणार आहे. माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं.

"तुला येत नाही, आई." हे ती इंग्रजीत म्हणाली. ती सगळंच इंग्रजीत बोलते, तेही इथल्या हेलात. मराठी समजतं पूर्ण, पण उत्तर इंग्रजीतूनच येतं. मी इथे माझ्या सोयीने मराठीत लिहितेय.

"शिकते मग. त्यात काय?"

नवरा ताटात बघून हसला, ते मी लक्षात ठेवलं.

नव्यांचा वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायला अर्थातच त्याच बाई. पहिल्याच दिवशी प्रश्न आला वजनाचा. म्हणजे धनुष्याचं वजन नव्हे, दोरी ओढायला जोर किती लागतो ते. तो पाउंडांत मोजतात. मधल्या मुठीला वर एक आणि खाली एक अशी पाती लावतात, आणि सगळा ताण त्या पात्यांत असतो. पाती बदलली की ताण बदलतो. बाईंनी माझ्याकडून जरा ओढून घेतलं, खांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अठरा घे. फार तर वीस."

अठरा? पोरगी सव्वीस ओढते. ही स्वतः चाळीस ओढते. आणि मी अठरा? मी चौकशी केली तर कळलं, लोक अठरावर सुरू करतात, काही महिन्यांनी बावीस घेतात, मग सव्वीस. दर वेळी नवीन पाती. मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. आमच्याकडे पोरांचे गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचे घेतात. पहिल्या वर्षी बाह्या बोटांवर आल्या तर आल्या, दुमडून शिवायच्या. शाळेचे बूट घेताना पुढे कापूस कोंबायचा. मी त्याच संस्कारात वाढलेली बाई. मी घरी आले आणि ऑनलाइन चौतीस पाउंडांची पाती मागवली. वाढत्या अंगाची. म्हटलं, होईल सवय हळूहळू. आणि हेही सांगते, चौतीस हा आकडा मुलीच्या वर होता आणि त्या बाईच्या जवळ होता. तो मी उगाच निवडला नव्हता.

पाती आली, तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. दोरी अर्ध्यात यायची आणि हात लटलटायला लागायचे. बाण सुटला तर दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला अशी फटका मारायची की कोपरापासून मनगटापर्यंत वांग्याच्या रंगाचा डाग. ऑफिसला मी भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुडता घालून जायचे. उजवा खांदा तर असा धरला की वरच्या फडताळातला पोह्यांचा डबा काढता येईना. झोपताना बाम चोळायचे. मुलगी खोलीत डोकावली की नाक वर करून म्हणायची, "आई, वास येतोय." मी म्हणायचे, सर्दी झालीय.

तीन-चार वर्ग मी कसेबसे रेटले. बाई बघत होत्या, बोलत नव्हत्या. हे न बोलणंच मला झोंबायचं. स्पष्ट म्हणाल्या असत्या, तुला झेपत नाहीये, तर मला भांडता तरी आलं असतं.

एके शनिवारी मुलगीही मदतीला आली होती. बाईंनी हॉलच्या मधोमध एक घडीची खुर्ची मांडली आणि सगळ्यांना सांगितलं की आपल्याला झेपेल असा ताण कसा ओळखायचा ते आज बघू. खुर्चीवर बसायचं. दोन्ही पाय जमिनीपासून उचलायचे. धनुष्य सरळ समोर धरायचं, आणि वर आभाळाकडे न नेता, अंग न हिसडता, दोरी गालापर्यंत ओढायची. तिथे धरून ठेवायची. आणि मग बाण न सोडता, तशीच हळूहळू परत आणायची.

"परत आणणं महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, त्यांच्या मानाने पुष्कळच बोलल्या. कॅनडात झाडावरच्या फळीवर थंडीत सकाळभर बसून राहावं लागायचं. अंग आखडून जायचं आणि नेमकं तेव्हाच हरीण यायचं. ज्याला दोरी ओढायला धनुष्य वर फेकावं लागतं, त्याला हरीण आधी बघतं आणि निघून जातं. आणि ओढून धरल्यावर ते झाडाआड गेलं, किंवा मागून त्याचं पाडस आलं, तर सोडता येत नाही. परत आणावी लागते. "ओढणं रागाच्या भरात कुणालाही जमतं. जी परत आणता येते तेवढीच आपली."

माझी पाळी आली. पाय उचलले. दोरी ओढायला गेले तर धनुष्य आपोआप वर गेलं, माळ्यावरचा डबा काढताना हात जातात तसं. कशीबशी अर्ध्याच्या पुढे आणली आणि मग ती ना पुढे जाईना ना मागे येईना. बोटांची पकड सुटायला लागली. बाणाशिवाय दोरी सुटली तर धनुष्य मोडतं, पात्याचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं. तेवढ्यात बाई पुढे झाल्या आणि त्यांनी आपल्या हाताने दोरी धरली. माझी बोटं सुटली. सगळा झटका त्यांच्या हातावर बसला आणि बोटांच्या पेरांवर लाल वळ उठला.

मुलगी धावत आली. धावत आली ती त्यांच्याकडे. त्यांचा हात हातात घेऊन बघायला लागली, फुंकर घालायला लागली. मी खुर्चीवर पाय वर धरून तशीच बसलेली. लहानपणी हिचा गुडघा फुटला की मी अशीच फुंकर घालायचे. बाई म्हणाल्या, "ग्रँड, ग्रँड." मग मुलीने मान वळवून मला विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मीही म्हटलं, ग्रँड.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि वरून आता त्या बाईचे आभार मानणं आलं. मानले.

संध्याकाळी मुलगी माझ्या खोलीत आली. तिच्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, तिने आपली सुरुवातीची जुनी पाती काढून आणली होती. अठरा पाउंडांची. माझ्या पलंगावर मांडी घालून बसली, माझी चौतीसची पाती उतरवली आणि तिची चढवली. मला काय वाटलं ते काय सांगू. मोठ्या बहिणीचं उतरलेलं धाकटीने घालायचं हे ठाऊक होतं. लेकीचं उतरलेलं आईने घालायची पाळी यावी?

"खुर्चीवर बसून जमलं ना, नीट परत आणता आली ना, तर मी स्लायगोला तुझ्याबरोबर येईन," ती म्हणाली. "नाही जमलं तर तिच्याबरोबर. चालेल?"

चालेल म्हटलं. न चालून सांगते कुणाला?

आणि अठरा पाउंड, अहो, हाताला कळले. लोण्यासारखे म्हणणार नाही, पण माझे होते. मी रोज संध्याकाळी डायनिंगच्या खुर्चीवर पाय उचलून बसायचे. बाण लावायचा प्रश्नच नव्हता, समोर टीव्ही. त्यामुळे प्रत्येक वेळी ओढलेली दोरी परत आणावीच लागायची. ओढायची, धरायची, आणायची. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे मधे चालायचं. नवरा लॅपटॉपमधून वर बघून म्हणायचा, "कुणावर नेम धरलायस?" मी म्हणायचे, तुला माहितेय. खांदा हळूहळू सुटला. बाम बंद झाला.

ऑगस्टअखेर त्याच खुर्चीवर, पाय उचलून, मी दोरी ओढली, धरली आणि परत आणून ठेवली. बाई म्हणाल्या, "आता हरीण येऊन जाईपर्यंत बसशील तू." मी मुलीकडे बघितलं. तिने अंगठा वर केला. मला त्या क्षणी हॉलभर पेढे वाटावेसे वाटत होते, पण मी फक्त धनुष्याची दोरी उतरवली.

स्लायगोला आम्ही आदल्या दिवशी जाऊन एका गेस्ट हाउसमध्ये राहिलो. सकाळी रिमझिम, चिलटं आणि ओल्या नेच्यांचा वास. मी आणि माझी लेक. बाई स्पर्धेच्या अधिकारी म्हणून खाली तंबूत बसल्या होत्या, आमच्याबरोबर नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगतेय. माझे बाण बरेचसे झाडांत गेले. एक कोल्ह्याला लागला, एक रानडुकराच्या शेपटीला. ती हसत होती, मीही हसत होते. रानाच्या माथ्यावर एक बाक होता, तिथे आम्ही थर्मासमधला चहा प्यायला बसलो.

ती दोरी ओढताना बोटांना लावायच्या चामड्याच्या पट्टीशी खेळत म्हणाली, "आई, मी हे बंद करणार आहे. आर्चरी. पुढच्या महिन्यापासून." मग म्हणाली की तिला रविवार हवेत. म्हणाली, पूर्वी क्लबात तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून तिला आवडायचं.

मी काय विचारावं? का बंद करणार, हे नाही. माझ्यामुळे का, हेही नाही. मी विचारलं, "तिला सांगितलंस?"

तिने चहाच्या कपात बघितलं. "नाही. तुला पहिलं सांगितलं."

मला असा आनंद झाला म्हणून सांगू. ती काय म्हणाली ते कानांत शिरलंच नाही, फक्त 'पहिलं' शिरलं. इतके महिने खांदा मोडून, हात सुजवून मला जे हवं होतं ते त्या ओल्या बाकावर माझ्या पदरात पडलं होतं. मी लगेच म्हटलं, "मी सांगते तिला."

"नको. मी सांगेन ना."

"तुला अवघड जाईल. मी सांगते."

"आई, खरंच नको," ती म्हणाली. पण मी ऐकणार होते थोडीच. ही बातमी त्या बाईला माझ्या तोंडून कळायला हवी होती. तिचा चेहरा मला बघायचा होता.

फेरी संपल्यावर मुलीला गाडीत सामान ठेवायला पाठवलं आणि तंबूत गेले. बाई एका दोरीला मेण चोळत होत्या. मी सांगितलं. आवाजात खंत वगैरे आणली होती, पण ती वरवरची होती, हे मी कशाला लपवू?

त्यांचे हात थांबले. "असं?" त्या म्हणाल्या. "मला काहीच कल्पना नव्हती. तुला सांगितलं तिने, बरं झालं. आईलाच आधी सांगायला हवं." मग परत मेण चोळायला लागल्या. मला जरा चुकल्यासारखं झालं. एवढंच? पण मनातून मी खूष होते.

मी वळणार एवढ्यात क्लबमधले एक गृहस्थ तंबूत डोकावले. मला त्यांनी बघितलं नाही. म्हणाले, "पोरीच्या जागी क्लबच्या टीममध्ये पुढच्या महिन्यात तोच आर्क्लोचा मुलगा ना, जूनमध्ये तू म्हणालीस तो? की बदललंस?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या दोरीकडेच बघत राहिल्या आणि मेणाचा तुकडा त्यांच्या बोटांत तसाच राहिला. गृहस्थांनी मला बघितलं, सॉरी म्हणाले आणि निघून गेले.

जूनमध्ये. मी डायनिंगच्या खुर्चीवर पाय उचलून बसायचे तेव्हापासून हे त्या बाईला माहीत होतं. मला वाटलं विचारावं, तोंडावर विचारावं, की कशाला केलंस हे नाटक? आणि कुणाच्या सांगण्यावरून? तिनेच पोरीला पढवलं असणार, आईला म्हण की तुलाच पहिलं सांगतेय. शब्द ओठांपर्यंत आले होते. मी म्हटलं, "थँक यू," आणि तंबूतून बाहेर आले.

गाडीत मुलगी सीट बेल्ट लावून बसली होती. काच खाली होती आणि ती तंबूकडेच बघत होती. मी गाडी सुरू केली. मुख्य रस्त्याला लागलो. मग ती म्हणाली, "काय म्हणाली ती?"

"तिला काहीच माहीत नव्हतं," मी म्हटलं. "धक्काच बसला तिला."

तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. मग तिने एक लांब श्वास सोडला, बूट काढले, पाय सीटवर घेतले आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. त्याच खांद्यावर. कित्येक वर्षांत टाकलं नव्हतं. जरा वेळाने ती आपणहून बोलायला लागली, शाळेचं, मैत्रिणींचं, एका बेकरीत रविवारचं काम मिळतंय त्याचं, आणि मी हूं हूं करत गाडी चालवत राहिले. मला हे सगळं त्या बाईने दिलं होतं, हे मला कळत होतं. माझा जळफळाट होत होता, आणि ते तिला परत करायची माझी मुळीच तयारी नव्हती.